नववीच्या हजेरीपटात काय दिसते?

मा. संपादक,

नागपुरात अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला की चर्चा मोबाइल आणि संगतीवर येऊन थांबते. हजेरीपट कोणी उघडत नाही. आधी मधल्या सुट्टीनंतर दांडी, मग सलग आठवडा गैरहजर, ही चढण त्यात अनेकदा दिसते.

सहावीत धड वाचता न येणारा मुलगा हसे होऊ नये म्हणून दंगा करतो. त्याला वर्गाबाहेर काढले की नेमके त्याला हवे तेच मिळते. आठवडाभर शाळेत येऊ नको म्हटले, की दिवस मोठ्या पोरांसोबत टपरीवर जातो. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १६ आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही, कलम १७ मार आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते. तरी पालकांना बोलावून ‘दाखला घेऊन जा’ म्हटले जाते. ही मागच्या दाराने केलेली हकालपट्टीच. नववीपासून तर हे संरक्षणही संपते.

गैरहजेरीच्या तिसऱ्या दिवशी फोन, पाचव्या दिवशी गृहभेट व्हावी. परतल्यावर वर्गासमोर झाडाझडती नको. रोज अर्धा तास, इयत्तेनुसार नव्हे तर वाचनपातळीनुसार गट करून वाचन घ्यावे.

अल्पवयीनांच्या गुन्ह्यांची प्रकरणे हाताळणारे बाल न्याय मंडळ मुलाला शाळेत जाण्याचा आदेश देऊ शकते. प्रकरण निकाली निघाल्यावर त्याची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी उघड करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ पोलिसांना मनाई करते. प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापकांनी ती मागू नये.

– एक शालेय समुपदेशक, नागपूर