झुरिकला घाबरू नकोस, शुक्रवार ते सोमवार बसतंय बजेटमध्ये

प्रिय पक्या,

तुझा मेसेज वाचला, "झुरिक कशाला, किडनी विकावी लागेल, त्यापेक्षा प्रागला जाऊ." अरे महाग आहे हे कोण नाही म्हणतंय, साधं बसून जेवायचं तरी माणशी 25-30 फ्रँक उडतात, कॉफीला पाचेक फ्रँक, आणि हॉटेलचे रेट बघून तर मी पण लॅपटॉप बंद करून टाकला होता. पण सध्या रोज रात्री मी ह्याच नादात आहे आणि माझं स्पष्ट मत झालंय की ह्या गावात महाग काय, तर खुर्चीवर बसणं आणि छताखाली झोपणं. बाकी जे बघायचंय ते नदीकाठी, तळ्याकाठी, रस्त्यावर उघडंच पडलंय. तेव्हा ह्या दोन गोष्टींचं गणित आधी लावू, मग तू काय ते बोल.

आधी झोपण्याचं. झुरिक म्हणजे बँकांचं, ऑफिसच्या लोकांचं गाव, त्यामुळे आठवड्यात हॉटेलं भरलेली असतात आणि शनिवार-रविवारी बऱ्याचदा रेट खाली येतात, म्हणून शुक्रवार ते सोमवार. फक्त ऑगस्टमधला स्ट्रीट परेडचा, म्हणजे रस्त्यावरच्या टेक्नो म्युझिकच्या जत्रेचा वीकेंड टाळायचा, तेव्हा लाखोंनी माणसं येतात आणि रूमचं नाव काढायला नको. जुन्या गावात राहायचा हट्ट पण सोड, ओर्लिकॉनला राहू, तिथून मेन स्टेशन ट्रेनने पाच-सात मिनिटं आणि तिकिटाचा झोन एकच, 110. लांगश्ट्रासे नावाच्या रस्त्यावर स्वस्त काहीतरी दिसेल तुला, पण तिथे रात्रभर बार चालू असतात आणि तुझी झोप मला माहितीये.

तिकिटाचं एक लक्षात ठेव, 24 तासांचं तिकीट एका एकेरी तिकिटाच्या दुप्पट किमतीला मिळतं, म्हणजे दोनदा बसलास की वसूल. त्याच्यावर ट्राम, बस, लोकल तर आहेच पण तिकिटाच्या झोनमध्ये बोट पण चालते! लिमाट नदीतून जी बुटकी बोट पुलांखालून जाते तिच्यात बसायचं, टूरवाल्यांना वेगळे पैसे द्यायची गरजच नाही. फक्त विमानतळ दुसऱ्या झोनमध्ये येतो, त्यामुळे येताना-जाताना झोन वाढवून घ्यायचा. आणि गेट वगैरे काही नसतं म्हणून हुशारी करू नकोस, मध्येच साध्या कपड्यातला चेकर उभा राहतो आणि शंभरेक फ्रँकला बसतं.

आता तुला जायचंय ते आल्प्समधलं युंगफ्राउयोख. 3454 मीटरवर स्टेशन, 1912 पासून चालू, भारीच आहे, मान्य. पण झुरिकहून जाऊन येऊन अख्खा दिवस जातो, सवलतीचा पास नसेल तर इंटरलाकेनहून पुढचंच तिकीट 200 फ्रँकच्या वर, आणि वर ढग असले तर पांढऱ्या भिंतीकडे बघून परत यायचं. एवढ्या छोट्या ट्रिपमध्ये माझा ठाम विरोध आहे. डोंगरच हवा असेल तर युटलीबर्ग आहे, साधारण 870 मीटर, मेन स्टेशनहून वीसेक मिनिटं ट्रेन आणि मग थोडं चालणं, हवा स्वच्छ असली तर आल्प्सची रांग तिथूनही दिसते. आणि पाणी बघायचं तर ऱ्हाईनचा धबधबा, तासाभरात पोचतो, 150 मीटर रुंद आणि 23 मीटर उंच, नॉयहाउझेनच्या बाजूने उभं राहिलं तर फुकट, समोरच्या किल्ल्याच्या बाजूला तिकीट लागतं.

गावात मला सगळ्यात जास्त काय बघायचंय सांगू? ग्रोसम्युन्स्टर चर्चच्या खिडक्या. 2009 मध्ये झिगमार पोल्के नावाच्या चित्रकाराने केल्यात, त्यातल्या सात खिडक्यांत काच नाहीये, अकीक दगडाच्या पातळ चकत्या एकमेकांना जोडून बसवल्यात आणि बाहेरून उजेड आला की आतून लाल, जांभळ्या, तपकिरी रेषा पेटतात. फोटोतच मी अर्धा तास बघत बसलो. आत जायला पैसे नाहीत. नदीपलीकडे फ्राउम्युन्स्टर चर्चमध्ये चित्रकार शगालच्या पाच खिडक्या आहेत 1970 च्या, तिथे थोडं तिकीट आहे, तेवढं देऊ. आणि ग्रोसम्युन्स्टर म्हणजे तोच झ्विंगलीवाला, ख्रिश्चन धर्मसुधारक, 1519 पासून तिथे प्रवचनं द्यायचा, 1522 मध्ये मांस वर्ज्य असलेल्या उपवासाच्या दिवसांत एका छापखानेवाल्याच्या घरी लोकांनी सॉसेज खाल्ले, झ्विंगली समोर बसलेला पण त्याने स्वतः खाल्लं नाही, आणि नंतर खाणाऱ्यांची बाजू घेऊन भांडला! अशी माणसं मला आवडतात.

सॉसेजवरून आठवलं, बेलव्ह्यूला ब्राटवुर्स्ट उभ्याउभ्या खाता येतो, पण त्यात वासराचं मांस असतं, चालत असेल तरच. बसून एकच जेवण करायचं ते हिल्टलमध्ये, 1898 पासून चालू असलेलं शाकाहारी हॉटेल, बुफेत ताट वजनावर, म्हणून बटाटे आणि रस्सेदार भाज्या कमी घ्यायच्या, पालेभाज्या आणि तळलेलं भरायचं. बाकी दिवस कोप, मिग्रो ह्या सुपरमार्केटांमधून ब्रेड-चीज घेऊन तळ्याकाठी. पण रविवारी दुकानं बंद असतात, मेन स्टेशनखालची मात्र उघडी, त्यामुळे रविवारचं शनिवारीच घ्यायचं. पाणी विकत घ्यायचं नाही, गावात 1200 च्या वर कारंजी आहेत आणि पिऊ नका अशी पाटी नसेल तिथे खुशाल प्यायचं. रिकामी बाटली घेऊन ये बस.

आणि पोहायचं, हे राहिलंच की! ओबेरर लेटनला नदीतच पोहायची जागा केलीये, आत जायला पैसे नाहीत, लोकं नदीच्या वरच्या बाजूला उडी मारतात आणि प्रवाहाबरोबर वाहत खाली येऊन जिन्याने बाहेर. पाणी गार असणार आणि प्रवाहाला जोर असतो, पण ऑफिस सुटल्यावर तिथलेच लोक हेच करतात म्हणे, मग आपण का नाही. बायकांसाठी तळ्याच्या तोंडाशी 1888 चं लाकडी फ्राउएनबाड आहे, दिवसा पुरुषांना बंदी, वहिनींना आधीच सांगून ठेव, त्या खूष होतील.

कार्ड सगळीकडे चालतं, युरो घेऊन फिरू नकोस, बऱ्याच ठिकाणी घेतात पण रेट त्यांचा. मशीनने कुठल्या चलनात पैसे कापू विचारलं तर फ्रँकच दाब.

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, म्हणून तारीख आत्ताच ठरवायला हवी. मला जून हवाय, नऊनंतरही उजेड असतो. तुला सुट्टी सप्टेंबरलाच मिळत असेल तर पहिला आठवडा, त्यानंतर पाणी फारच थंड होत जातं. रविवारपर्यंत सांग, कॅन्सल करता येणारी रूम मी धरून ठेवतो. आणि प्राग प्राग करू नकोस, ते पुढच्या वर्षी.

तुझाच,
नंद्या