बिल्टीवरच्या एका ओळीबद्दल आभार

आदरणीय सर्व्हेअर काका,
सप्रेम नमस्कार.

विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करण्याच्या कामातून निवृत्त झाल्यानंतरही दर शनिवारी आमच्या ग्राहक मदत केंद्रात बसून तुम्ही घरसामान हलवणाऱ्यांचे विम्याचे कागद तपासून देता, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत, कारण तुम्ही शिकवलेलं प्रत्येक घरापर्यंत पोचायला हवं.

पॅकर्सच्या कोटेशनमध्ये ‘इन्शुरन्स ३ टक्के’ लिहिलं म्हणजे विमा उतरला असं नाही, हे तुम्ही आमच्या मनावर पक्कं बिंबवलंत. गाडी भरण्याआधी विमा कंपनीचं प्रमाणपत्र हातात हवं. त्यावर आपलं नाव, कुठून कुठे, तारीख आणि विम्याची रक्कम हवी, आणि त्याचा नंबर थेट कंपनीला फोन करून पडताळायचा. प्रमाणपत्र नसेल, तर उरते फक्त वाहतूकदाराची जबाबदारी. जादा दर भरून जास्त जोखीम त्याच्यावर टाकली नसेल, तर २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखाली ती भाड्याच्या दहापटीपुरतीच, आणि जाहीर केलेल्या किमतीच्या आतच.

पॉलिसीत ‘इनलँड ट्रान्झिट क्लॉज ए’ आहे की ‘बी’, म्हणजे देशातल्या वाहतुकीत कोणतं नुकसान भरून मिळेल हे ठरवणारं कोणतं कलम आहे, हे आम्ही आता आधी बघतो. ‘बी’मध्ये आग, वीज, पूल कोसळणं, टक्कर, गाडी उलटणं एवढंच येतं. चोरी किंवा जिन्यात हातातून निसटलेलं कपाट त्यात बसत नाही. ‘ए’ व्यापक आहे, पण तकलादू पॅकिंगमुळे झालेलं नुकसान त्यातही नाकारलं जातं. बाहेरून ओरखडाही नसताना टीव्ही बंद पडला, तर ‘आतला बिघाड’ म्हणून बहुतेक पॉलिसींत तो वगळलेला असतो. म्हणून पॅक करण्याआधी चालू टीव्हीचा व्हिडिओ काढायचा आणि फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या ड्रमला तो हलू नये म्हणून ट्रान्झिट बोल्ट लावायचे.

हप्ता वाचवायला किंमत कमी दाखवणाऱ्यांना तुम्ही किती शांतपणे हिशेब समजावता! सामान ४ लाखांचं, विमा २ लाखांचा, नुकसान ५० हजारांचं, तर मिळणार २५ हजार.

आणि ती ओळ. सामान उतरल्यावर बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या मालाच्या पावतीवर, ‘माल सुस्थितीत मिळाला’ या शब्दांसमोर घाईने सही करायची नाही. दिसेल ती मोडतोड तिथेच लिहायची. खोकी अजून उघडायची राहिली असतील, तर ‘आतील माल तपासलेला नाही’ असं लिहायचं. विमा कंपनीला लगेच कळवायचं, आणि वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यायची. भरपाई दिल्यावर कंपनी ती वाहतूकदाराकडून वसूल करू पाहते. तो हक्क आपल्या चुकीने बुडाला, तर ती आपला दावा अडवते किंवा कापते. फुटकी वस्तू आणि तिचं खोकं सर्व्हेअर येईपर्यंत टाकायचं नाही, हेही तुमचंच सांगणं.

दावा नाकारला गेला, तर वर्षाच्या आत विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येतं. भरपाई ५० लाखांपर्यंत, फी नाही, वकील नाही. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत.

तुम्ही हाताने आखून दिलेला यादीचा नमुना (वस्तू, खरेदीचं वर्ष, आजची किंमत, आधीचे ओरखडे) आम्ही छपाईला दिला आहे. येत्या शनिवारी त्याचं प्रूफ तेवढं बघून द्याल?

आपले,
ग्राहक मदत केंद्रातले कार्यकर्ते, पुणे