अभ्यास झाला, पण आम्हाला सांगितले कोणी?

मा. संपादक,
स. न.

कालचा ‘प्राण्यांच्या अभ्यासात करिअर’ हा लेख वाचला. देहरादूनची वन्यजीव संस्था, नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्त्या, सगळे त्यात आले. पोरांनी या कामात जावे असे मलाही मनापासून वाटते. पण जे शिकलो ते जंगलाला लागून राहणाऱ्या माणसांना सांगणे हासुद्धा या कामाचाच भाग आहे, याबद्दल अर्ध्या पानात एक ओळ नाही. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते आहे.

२०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्यानंतर काही वर्षांनी रानकुत्र्यांचा अभ्यास करणारा एक मुलगा दोन हिवाळे आमच्या ओसरीवर राहिला. पहाटे पाचला त्याचा चहा मीच मांडायची. माझे बाबा गुराखी, ते त्याला रोज रानात न्यायचे. रानकुत्र्यांचा कळप वाटा मिळतात अशा ठरावीक जागी विष्ठा टाकतो आणि पुन्हा पुन्हा तिथेच येतो. त्या जागा बाबांच्या पायाखालच्या होत्या. मुलगा विष्ठा पिशवीत भरायचा, वर तारीख आणि जागा लिहायचा. त्यातले केस धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की कळपाने चितळ खाल्ले, सांबर खाल्ले की गावातले जनावर, ते कळते, हे त्यानेच आम्हाला समजावून सांगितले. बाबांना त्याचे केवढे अप्रूप! त्या दोन वर्षांत आमच्या वस्तीतल्या सात बकऱ्या गेल्या होत्या. कोणी म्हणे रानकुत्रे, कोणी म्हणे बिबट. मुलगा निघाला त्या दिवशी बाबांनी विचारले, “आमच्या बकऱ्या किती निंगाल्या जी यात?”

“कळवतो, बाबा,” म्हणाला.

कळवले नाही. बाबा वारले. गेल्या वर्षी भाच्याने मोबाइलवर त्याचा प्रबंध शोधून काढला. सगळा इंग्रजीत. भाचा बारावीला आहे, त्यालाही तक्ते उलगडेनात. आभाराच्या पानावर मोठमोठी नावे, आणि बाबांच्या जागी ‘स्थानिक मदतनीस’. दोन हिवाळे ज्यांच्या मागे चाललास त्यांचे नाव लिहायला किती शाई लागते? मला तेव्हा राग आला, अजून आहे.

याच नवेगावबांधला मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. पाखरांचे ज्ञान आपल्याला नवेगावच्याच माधवराव पाटील डोंगरवारांकडून मिळाले, हे त्यांनी नावानिशी लिहून ठेवले. आणि लिहिले मराठीत, म्हणून आमच्या शाळेतल्या बाई ते आम्हाला वाचून दाखवू शकल्या. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. कालच्या लेखात त्यांचा उल्लेखही नसावा? ज्या गावात अभ्यास केला त्या गावाच्या ग्रामसभेत काय सापडले ते मराठीत सांगितल्याशिवाय पदवी मिळू नये, असे मला वाटते. ती ग्रामसभा भरली असती तर बाबा सगळ्यांत पुढे जाऊन बसले असते.

दुसरे असे की, लेखासोबत ‘विषारी मण्यार’ म्हणून जो फोटो छापला तो कवड्या सापाचा आहे. कवड्या बिनविषारी. त्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलट. तिचे पांढरे पट्टे बारीक, बहुतेक जोडीने, आणि शेपटीकडे जास्त ठळक. आमच्याकडे पावसाळ्यात अर्धे गाव जमिनीवर झोपते. मण्यार रात्री झोपेत चावते, फारसे दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही बहुधा दिसत नाही. पोट दुखते, पापण्या जड होतात, आणि घरचे अपचन समजून ओवा देत बसतात. अशा ठिकाणी तुमचा फोटो पाहून कोणी उद्या खऱ्या मण्यारीला कवड्या समजले तर? भाताची रोवणी सुरू व्हायच्या आत बरोबर फोटोसह दुरुस्ती पहिल्या पानावर छापावी.

कळावे,
आपली एक वाचक,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया