आधी प्रिंटर ठरवा, मग पान लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंक आणि मंडळांच्या स्मरणिका हातात पडल्या की तक्रारी ठरलेल्या असतात. जाहिरातीतला फोन नंबर कटिंगमध्ये गेला, फोटो काळेठिक्कर आले, कवितेची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर जाऊन बसली. खापर प्रेसवर फुटते. पण यातले बरेचसे घोटाळे छपाईची प्लेट बनण्याच्या कितीतरी आधी, नवी फाईल उघडतानाच झालेले असतात.

छोट्या डीटीपी सेंटरांत आजही पाने जुळवण्याचा पेजमेकर हा प्रोग्राम चालतो. त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ सालची. ‘डॉक्युमेंट सेटअप’च्या खिडकीत पानाचा आकार, समास, पानसंख्या हे सगळे जण भरतात. तळाशी ‘कंपोज टू प्रिंटर’ आणि ‘टार्गेट आउटपुट रेझोल्यूशन’ असे दोन रकाने आहेत, त्यांच्याकडे कोणी बघत नाही. टेबलावर जो प्रिंटर असेल तोच तिथे राहतो. पेजमेकर ओळी बसवतो त्या याच प्रिंटरच्या हिशेबाने. दोनशे पाने लावून झाल्यावर शेवटच्या दिवशी प्रिंटर बदलला, की पेजमेकर मजकूर नव्याने बसवायचा का असे विचारतो. घाईत ‘हो’ म्हटले की एखादी ओळ सरकते आणि तिथून पुढची सगळी पाने तपासावी लागतात. इनडिझाइन या नंतरच्या प्रोग्राममध्ये ही कटकट नाही, तिथे ओळी प्रिंटरला बांधलेल्या नसतात.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पीपीडी, अर्थात पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर डिस्क्रिप्शन फाईल. पोस्टस्क्रिप्ट ही प्रिंटरला पान कसे छापायचे ते सांगणारी भाषा. नाव भारदस्त, पण आहे साधी मजकुराची फाईल. नोटपॅडमध्ये उघडते. त्या प्रिंटरला कोणते कागद चालतात, कडेला किती जागा कोरी राहते, रंग येतो की नाही, फोटो ज्या ठिपक्यांनी छापतात त्यांची जाळी किती बारीक आणि कोणत्या कोनात, हे सगळे तिच्यात लिहिलेले असते. पेजमेकर ती त्याच्या फोल्डरमधल्या ‘आरएसआरसी’, त्यातल्या भाषेच्या आणि त्यातल्या ‘पीपीडी४’ या फोल्डरमधून उचलतो. आउटपुट जिथून काढायचे तिथली फाईल मागून आणून तिथे ठेवायची, आणि छपाईच्या खिडकीत नावाने निवडायची. एवढेच काम. ते टाळून यादीतले पहिले नाव ठेवून दिले जाते.

त्याचा परिणाम बघा. १/४ क्राऊन आकाराच्या अंकाचे कापलेले पान १८४ × २४१ मि.मी. चारही बाजूंनी ३ मि.मी. ब्लीड (कटिंगमध्ये जाणारी जादा छपाई) धरले की १९० × २४७. ए४ कागदाची रुंदी २१०, म्हणजे दोन्ही बाजूंना १० मि.मी. उरले. आता पीपीडीतली ‘इमेजेबल एरिया’ची ओळ वाचा. ए४ पुढे १८, १८, ५७७, ८२४ असे आकडे असतील तर ते पॉइंट आहेत, ७२ पॉइंटांचा एक इंच. १८ पॉइंट म्हणजे ६.३५ मि.मी. कड कोरी. क्रॉप मार्कांना, म्हणजे कुठे कापायचे ते दाखवणाऱ्या खुणांना, उरले जेमतेम साडेतीन. खुणा अर्ध्या येतात किंवा येतच नाहीत, आणि कटिंगवाला अंदाजाने सुरी लावतो. फोन नंबर जातो तो इथे. ए३ वर काढा, नाहीतर ‘कस्टम’ कागद चालणाऱ्या मशीनची पीपीडी घ्या. जिच्यात ती सोयच लिहिलेली नाही, तिच्या कागदांच्या यादीत ‘कस्टम’ शोधून सापडणार नाही.

फोटोंचे गणितही तिथेच चुकते. रेझोल्यूशनला (इंचाला किती ठिपके, म्हणजे डीपीआय) जाळीच्या आकड्याने (इंचाला किती ओळी) भागा, उत्तराचा वर्ग करा, एक मिळवा. इतक्या करड्या छटा मिळतात. २४०० डीपीआयच्या मशीनवर १५० ची जाळी म्हणजे २५७ छटा. तीच १५० ची जाळी ६०० डीपीआयच्या लेझरवर ठेवली तर फक्त १७, मग गालावर डाग पडल्यासारखे पट्टे येणारच. लेझरवर ७५ ची जाळी ठेवा, ६५ छटा मिळतील. फोटो थोडा भरड दिसेल, पण माणूस ओळखू येईल.

बटर पेपरवर (उजेड पार जाणाऱ्या कागदावर) आउटपुट काढून थेट पॉझिटिव्ह प्लेट (उजेड लागेल तिथे छापत नाही ती) करणाऱ्यांनी ‘कलर’च्या खिडकीतली ‘मिरर’ची, म्हणजे आरशासारखी उलटी प्रतिमा काढण्याची, खूण विसरू नये. ती नसेल तर टोनरची बाजू वर ठेवून प्लेट करावी लागते. कागदाच्या जाडीतून उजेड अक्षराखाली शिरतो आणि बारीक रेघा खाऊन टाकतो. देवनागरीत आधी अनुस्वार आणि रफार उडतात. मग शुद्धलेखनाचा ठपका बिचाऱ्या मुद्रितशोधकावर.

आणखी एक. स्वस्त लेझर प्रिंटर बहुतेक पोस्टस्क्रिप्ट जाणत नाहीत. त्यांना पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर आणि कोणत्याही मशीनची पीपीडी चिकटवून पोस्टस्क्रिप्ट पाठवले तर अंकाऐवजी ‘टक्का, उद्गारचिन्ह, पीएस-अडोबी’ने सुरू होणाऱ्या संकेतांची पानेच्या पाने बाहेर पडतात. प्रिंटर बिघडलेला नसतो. त्याला न कळणाऱ्या भाषेतला मजकूर तो इमानेइतबारे छापत असतो.

सीटीपीवाले, म्हणजे संगणकावरून थेट प्लेट करणारे, आता थेट पीडीएफ घेतात, तेव्हा पीपीडी कशाला, असे कोणी म्हणेल. पेजमेकरमधून पीडीएफ होते ती आधी पोस्टस्क्रिप्ट फाईल काढून, मग ती डिस्टिलर या पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्राममधून नेऊन. पहिल्या पायरीला डिस्टिलरची पीपीडी न निवडता टेबलावरच्या काळ्या-पांढऱ्या लेझरची निवडली, तर त्या प्रिंटरच्या कागदाच्या आणि रंगाच्या मर्यादा पीडीएफमध्ये उतरतात. प्लेट कितीही महागड्या मशीनवर करा, गेलेला रंग परत येत नाही.

अंक काढणाऱ्यांना विनंती एवढीच, की जाहिरातीच्या दरपत्रकावर चार ओळी वाढवाव्यात: कापल्यानंतरचा आकार, ब्लीड, कडेपासून मजकूर किती आत हवा, आणि पीडीएफ कोणत्या प्रकारची. प्रेसने कोटेशनसोबत आपल्या मशीनची पीपीडी आणि जाळीचा आकडा द्यावा. फाईल काही केबींची असते, ईमेलने जाते.

कळावे.

— पानजुळणी आणि प्लेटमेकिंगचे काम करणारे काही जण, पुणे