निळूभाऊ फक्त ‘वाड्यावर’चे नव्हेत

मराठी चित्रपटांतील खलनायकांवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात निळू फुले यांची बोळवण ‘बाई, वाड्यावर या’ या एका वाक्यावर केली आहे, हे खटकले. समाजमाध्यमांवरील नकलाकार तेच करतात. वृत्तपत्राने तरी करू नये. ‘सामना’तील (१९७५) साखरसम्राट हिंदुराव आठवावा. दरारा अंगात मुरलेला, पण मास्तरांच्या एका साध्या प्रश्नाने आतून पोखरला जाणारा. ‘सिंहासन’मध्ये (१९७९) तर हा ‘खलनायक’ चक्क पत्रकार आहे. दिगू टिपणीस बराच वेळ नुसता ऐकतो, पाहतो. सत्तेचा सगळा खेळ आपल्याला त्याच्या चेहऱ्यावर वाचता येतो आणि शेवटचे त्याचे ते हसणे आजही अंगावर येते. पुण्यात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडलेला हा नट पडद्याबाहेर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत वावरला. (खेड्यातल्या बाया मात्र त्यांना पाहून बोटे मोडत, असे सांगतात. ही पावती लेखात असती तरी चालले असते.) पुढील लेखात दिगूला जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे