मालक जहाजावर, विमा कुणाच्या भरवशावर?

संपादक महोदय,

मे महिना सरत आला की आमच्या दापोली तालुक्यात जहाजावर जाणाऱ्यांची धावपळ दिसू लागते. मेडिकल, सीडीसीची (खलाशाच्या नोंदणीपुस्तकाची) मुदत, व्हिसा, एजंटच्या ऑफिसात मुंबईच्या फेऱ्या. त्यातून वेळ उरला तर घर शाकारून घ्यायचं. एवढी कागदपत्रं तपासली जातात, पण घराच्या आणि गाडीच्या विम्याचे कागद कपाटातून बाहेर काढताना मी कुणाला पाहिलेलं नाही. आमचे हे मालवाहू जहाजावर मोटरमन (इंजिनरूममधले खलाशी) आहेत, एकेक कंत्राट सहा ते नऊ महिन्यांचं. मागे सगळा कारभार माझ्याकडे, म्हणून हे पत्र.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा हे जहाजावर होते. कंत्राट संपलेलं, पण कोरोनामुळे कुठलंच बंदर माणसं उतरवून घेईना. मी मुलांच्या शाळेसाठी चिपळूणला. गावच्या घराला गणपती आटोपले की कुलूप लागतं ते मे महिन्यात निघतं, आणि त्या वर्षी टाळेबंदीमुळे मेमध्येही निघालं नव्हतं. पुढच्या पडवीवर माड आडवा झाला, वाशांसकट कौलं खाली आली. घरावर बँकेच्या कर्जामुळे घेतलेली आगीची पॉलिसी होती आणि तिच्यात वादळही धरलेलं होतं. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढले आणि विचारलं, "घरात राहायला कोण होतं?"

त्या प्रश्नाचं कारण मला नंतर कळलं. स्टँडर्ड फायर पॉलिसीच्या अटींत लिहिलेलं आहे की घर सलग ३० दिवसांहून जास्त रिकामं राहिलं आणि कंपनीची संमती पॉलिसीवर नोंदवलेली नसली, तर संरक्षण थांबतं. आमचे चुलत सासरे मागच्या खोलीत निजायला यायचे, वीजबिलावर महिन्याला पाच-सात युनिटं पडलेली दिसत होती, म्हणून निभावलं. तरी पैसे हातात यायला दिवाळी उजाडली. अर्जावर सही मालकाची हवी, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर, आणि मालक भर अटलांटिकमध्ये! कुलमुखत्यारपत्र करून ठेवा असं पॉलिसी विकताना कुणी सांगितलं नव्हतं.

आता १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची सगळ्या कंपन्यांची सारखी पॉलिसी आहे. ती पुष्कळ बरी. वादळ, पूर, दरड सगळं त्यात येतं. घरातलं सामानही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप धरलं जातं आणि एकदम दहा वर्षांपर्यंतची घेता येते. मात्र चोरीच्या बाबतीत नीट वाचावं. वादळ-पुरासारखी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेली चोरीच तिच्यात बसते. ऐन हिवाळ्यात बंद घराचं कुलूप तोडून कुणी समया आणि तांब्याचा बंब नेला तर त्यासाठी घरफोडीचा वेगळा विमा लागतो, आणि त्यातही घर किती दिवस बंद चालेल याची मुदत पॉलिसीगणिक वेगळी. वर्षातले नऊ महिने बंद असणारी घरं कोकणात वाडीवाडीला आहेत. हा प्रश्न फॉर्मवर आधीच का विचारत नाहीत?

गाड्यांचं तर विचारूच नका. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा विमा सक्तीचा झाला. "आमचा पाच वर्षांचा आहे" असं लोक निर्धास्त सांगतात. तो थर्ड पार्टी. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याला मिळतं, आपल्या गाडीचं काही नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा असे कागद हातात घेतलेली माणसं मी पाहिली. आमच्याच इमारतीतल्या एकाची कार, तो जहाजावर सेकंड इंजिनीअर. विमा पूर्ण होता, पण पाणी ओसरल्यावर "चालू होते का बघू" म्हणून मेव्हण्यानं चावी फिरवली. पाणी इंजिनात खेचलं गेलं. इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कलम घेतलेलं नव्हतं, त्यामुळे इंजिनाचा खर्च पदरचा.

गाडी शेडमध्ये झाकूनच ठेवणार असाल तर एक जुनी सोय आहे. २००२ च्या मोटर टॅरिफमध्ये (गाड्यांच्या विम्याच्या नियमावलीत) अकरा क्रमांकाचं कलम होतं: गाडी सलग दोन महिने किंवा जास्त वापराविना गॅरेजमध्ये राहणार असेल तर कंपनीला लेखी कळवायचं. तेवढ्या काळापुरती अपघाताची जबाबदारी थांबते. आग, चोरी, वादळ, पूर यांचं संरक्षण चालू राहतं आणि हप्त्यात त्याचा फायदा मिळतो. मी आमच्या एजंटला विचारलं तर तो माझ्याकडेच बघत राहिला.

मुदतीचंही तेच. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे किती तरी जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. घरी यायची तारीख पुढे सरकते, पॉलिसीची सरकत नाही. मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि तो वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो.

सगळ्यात खटकतं ते पुढचं. ओनर-ड्रायव्हरचा १५ लाखांचा अपघात विमा असतो ना, तो आरसीवर ज्याचं नाव त्याच्यासाठी. आमच्या स्कूटरवर यांचं नाव. ती वर्षभर चालवते मी: बहादूरशेख नाक्यावरून, ट्रकांच्या मधून, पावसात. मला काही झालं तर त्या १५ लाखांतला पैसा नाही. हे सुट्टीवर आले तेव्हा स्कूटर माझ्या नावावर करून घेतली. नाव बदलायचं नसेल तर चालवणारीसाठी वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्यावा.

विमा कंपन्यांनी प्रस्तावाच्या फॉर्मवर तीन गोष्टी विचाराव्यात: मालक सलग किती महिने बाहेर असतो, त्या काळात घर उघडं असतं की बंद, आणि दावा आला तर सही व ओटीपीसाठी घरातलं दुसरं माणूस कोण. जहाज कंपन्यांच्या एजंटांनीही माणूस रवाना होण्याआधी त्याच्या पॉलिसीच्या तारखा बघायला अर्धा तास द्यावा. मुदत संपायच्या आधी नूतनीकरण करता येतं, त्यासाठी मालक किनाऱ्यावर असतानाच कुणी आठवण करायला हवी. एजंटकडून फोन येतो तो मुदत संपायच्या आठवड्यात, तेव्हा यांचा मोबाइल बंद असतो.

– एका मोटरमनची पत्नी, ता. दापोली
(नाव-पत्ता सोबत जोडला आहे, छापू नये ही विनंती.)