भोपळ्याला तडा गेलाय

रेक्याविक, आइसलँड, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

आठ महिने गप्प होतो. कामाची सबब तुला चालायची नाही, म्हणून देत नाही. बीपी ठीक, गुडघा तसाच.

आपल्या गाण्याच्या बाईंच्या तानपुऱ्याच्या भोपळ्याला तडा गेलाय. बोटभर. नाही, खोटं कशाला, वीतभर. इथे घरं जमिनीतल्या गरम पाण्यावर तापवतात. हिवाळाभर हवा कोरडी ठणठणीत, आणि मी तो रेडिएटरशेजारीच टेकवून ठेवला होता. "तू नेशील आणि कोपऱ्यात उभा करशील," तू म्हणाला होतास. वर्षभर गवसणी उघडली नव्हती रे.

गुरुवारी उघडली, तीही हार्पा या इथल्या संगीत सभागृहातून परत आल्यावर. आना थॉर्वाल्ड्सडॉटिर या इथल्या संगीतकार बाईचं ऑर्केस्ट्रासाठीचं 'एरियॅलिटी' ऐकलं. इथल्याच सिंफनीनं ते २०११मध्ये पहिल्यांदा वाजवलं होतं, हार्पा उघडलं त्याच वर्षी. (इथे आडनाव म्हणजे बापाचं नाव, म्हणून सगळे नुसतं 'आना' म्हणतात. बाईंनी कान उपटले असते.) चाल अशी नाहीच. कोण काय वाजवतंय तेही कळत नाही, अख्खा ऑर्केस्ट्रा एकच जनावर होऊन सरकत राहतो. मग पाव-पाव स्वरांचा लोंढा साचत जातो, साचतच जातो, आणि एकदम मोकळा होऊन त्यातून क्षणभर गाण्यासारखं काहीतरी वर येतं. आलं म्हणेपर्यंत विरतं. सुध्या, मला वाटलं जवारी उघडली, तानपुऱ्याची तार घोडीवर गुंजायला लागली!

तिच्या स्वरलिपीत वादकांना सूचना असते: लांबलेला सूर म्हणजे हातातलं नाजूक फूल, ते न सांडता बारीक दोरीवरून चालायचं. बाई वेगळं काय सांगत होत्या? तू वीस-वीस मिनिटं खर्ज धरायचास, मी ताना घोटायला पळायचो. त्यावरूनच मिरज स्टेशनवर आपलं वाजलं होतं. चहाचे पैसे मात्र मीच दिले होते, हे तू सोयीनं विसरतोस.

इथला व्हायोलिनवाला म्हणतो, लाकूड सांधेन, भोपळ्याला हात लावणार नाही. सांधल्यावर आवाज तोच राहील का? नवा भोपळा बसवला तर तो बाईंचा राहतो का? दोन रात्री हेच चाललंय. छेडून पाहिला. जोडीच्या तारा ठीक आहेत, खर्जाची तार मात्र फरफरते.

सायलीचं ठरल्याचं कळलं, फार छान. वहिनींचा डोळा कसा आहे?

मिरजेत आपल्या सतारमेकरला विचार. फोटो पाठवतोय. आधी शिव्या दे, मग फोटो बघ.

तुझा,
बाळ्या